भीती किती दिवस टिकते

वाशीम जिल्ह्यात मला ‘रोह्यांची मॅडम’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. एसटीत शेजारी बसलेली बाई आधी निरखून बघते आणि मग विचारते, “तुमीच का वो त्या रोह्याईच्या मॅडम?” मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “मंग निंगाला का काई उपाय?” नाही निघाला. नोकरीची सगळी वर्षं मी हेच उत्तर दिलं आणि निवृत्त झाल्यावरही तेच देते आहे. संपादकांनी कामातले समाधानाचे प्रसंग लिहा म्हणून सांगितलं. मी कबूल केलं खरं, पण लिहायला बसले तर हाताला वेगळंच लागलं.

रोही म्हणजे सरकारी कागदावरची नीलगाय. घोड्याएवढी उंच, पाठीला उतार, कळपाने येणारी. खाते त्याहून जास्त तुडवते. एका रात्रीत सोयाबीनचं वावर असं करून ठेवते की जणू कुणी त्यात वरात नाचवली. नावात गाय असल्यामुळे हात उचलायला कुणी धजत नाही. एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले होते, “मॅडम, हे नाव ज्यानं ठेवलं त्याले वावर नसन.” मला ते पटलं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि उरलेल्या वेळात जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करत असे. हे काम फार साधं आहे. वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर बसायचं, दुर्बीण लावायची, जनावर काय करतं ते लिहायचं. का करतं ते लगेच लिहायचं नाही. आमच्या सरांचा दंडकच होता की जनावराच्या मनात शिरायचं नाही. ‘नर रागावला’ असं लिहिलं की सर लाल पेनाने काट मारत. ‘कान मागे, मान खाली, पुढचा पाय आपटला’ असं लिहायचं. मी रिठद गावची, शेतात वाढलेली. आमच्या घरी बैल रुसत असे, म्हैस डूख धरत असे, कुत्रं लाजत असे. हे सगळे शब्द विसरायला मला पाच-सहा वर्षं लागली, आणि विसरले तेव्हा विद्यापीठाने डॉक्टर केलं.

माझा विषय होता भीती. जनावर कशाला भितं आणि ती भीती किती दिवस टिकते. एखादा नवा आवाज आला, नवा रंग दिसला की जनावर दचकून पळतं. दुसऱ्यांदा थोडं कमी पळतं. तोच आवाज रोज येत राहिला आणि त्याच्यामागून काहीच घडलं नाही, तर एक दिवस ते मानही वर करत नाही. याला आम्ही सवय म्हणतो. तुमच्या-आमच्या बोलण्यातला साधा शब्द, पण शास्त्रात त्याचा दरारा मोठा. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. त्याचे कान शाबूत असतात. मेंदूने परस्पर ठरवून टाकलेलं असतं की ह्यात आपल्या कामाचं काही नाही.

आणि शेतकऱ्यांचे सगळे उपाय ह्या सवयीपुढे हात टेकत. मानोऱ्याकडच्या एकाने न्हाव्याच्या दुकानातून पोतंभर केस आणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पसरले, माणसाचा वास यावा म्हणून. वारा सुटला आणि सगळे केस त्याच्याच विहिरीत गेले. माझ्या चुलतभावाने वावराला चारी बाजूंनी साड्या बांधल्या, त्यात वहिनींच्या लग्नातली साडी गेली. रोह्यांनी थोडे दिवस मान दिला, मग एका नराने पदराखालून मान घातली आणि निवांत चरायला लागला. वहिनींचा मला फोन. “रोही काई गेला नाई बाई, माही साडी गेली. हे तुमच्या शास्त्रात लेहून ठेवा.” आणखी एकाने वाघाची डरकाळी फोडणारं यंत्र आणलं. त्याला तण काढणाऱ्या बायका इतक्या भ्यायल्या की वावरात पाय ठेवेनात. रोही तिथेच. इथल्या रोह्यांनी कित्येक पिढ्या वाघ ऐकलेलाच नाही. भ्यायलासुद्धा आधी ओळख असावी लागते.

हे सांगताना हसू येतं, पण माळ्यावरून खाली उतरलं की हसू जात असे. खाली माणूस उभा असे, त्याच्यामागे खाल्लेलं वावर असे, आणि माझ्याकडे फक्त त्या खाण्याचा आलेख. अशा वेळी मी फार चिडत असे. कुणावर, ते आजही सांगता येणार नाही.

शेषराव मला आसेगावच्या शिवारात भेटले. भेटले म्हणजे आधी ऐकू आले. हरभऱ्याचे दिवस होते. मी माळ्यावर बसून कळप बघत होते. चहूबाजूंच्या वावरांतून लोक ओरडत होते, डबे वाजवत होते, आणि रोही फक्त कान फिरवून पुन्हा खाली मान घालत होते. इतक्यात लांबून एक हाक आली, “हाऽऽड! थांब बे, आलोऽऽ!” आणि सगळा कळप उधळला. नुसत्या आवाजावर. माणूस अजून दिसतही नव्हता. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. वही माळ्यावरच टाकून उतरले आणि आवाजाच्या दिशेने निघाले.

पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. खांद्यावर दुपट्टा, हातात गोफण, दोरीच्या झोळीत दगड घालून गरगर फिरवून मारतात ती. बायको कांताबाई शिदोरी सोडत होत्या. एकमेकांची ओळख झाली आणि मी विचारलं, “शेषरावभाऊ, तुमच्या आवाजात असं काय आहे?”

“आवाजात काय रायते, मॅडम? आवाज त कुत्र्यालेबी हाये,” ते म्हणाले. “मी आलो म्हणतो अन् येतो. बाकीचे आलो म्हणतात अन् खाटंवर पडून रायतात. जनावराले कयते नं.”

“दगड लागतो का त्यांना?”

“एखांद्या वक्ती. लागला नाई तरी चालते. पन उठाच लागते. बसल्या बसल्या बोंबलनाऱ्याले जनावर बराबर वयखते.”

“जनावराले म्हणते आलो, अन् जाते,” कांताबाई भाकरीवर ठेचा ठेवत म्हणाल्या. “मी जेवाले बलावलं का मलेबी आलो म्हणते. दोन घंटे पत्ता नसते.”

शेषराव हसले. मी मात्र तिथेच धुऱ्यावर बसले. मी ज्याच्यासाठी पुस्तकं पालथी घातली होती ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं होतं, असं म्हणायचा भाबडेपणा मी करणार नाही. पुस्तकात ते होतंच. इशाऱ्यामागून अधूनमधून खरंच काही घडलं तर सवय होत नाही, हे प्रयोगशाळेत उंदरांनी कधीच सिद्ध केलं आहे. पण माझ्या जिल्ह्यात, उघड्या शिवारात, ते करून दाखवणारा माणूस मला पहिल्यांदा दिसला होता. मला खूप आनंद झाला. उपाय निघाला, असं मी त्या संध्याकाळी घरी येऊन मोठ्याने म्हणाले.

आम्ही शेषरावांचा आवाज रेकॉर्ड केला. एका पेटीत स्पीकर, वर सौरपट्टी, आत मेमरी कार्ड. ठरावीक वेळेला नाही, कधीही वाजायचं, म्हणजे जनावराला अंदाज येऊ नये. अशा काही पेट्या आसेगावच्या वावरांतून खांबांवर लावल्या. शेषराव खूश होते. “आता मी एकाच टायमाले चार वावरात,” असं पारावर सांगत फिरत. त्यांच्या स्वतःच्या वावरात रोही पेटीच्या आवाजाला भीत राहिले, कारण पेटी ओरडली की शेषराव बहुतेकदा उठतच. इतरांच्या वावरात पेटी लावून माणसं घरी झोपली. तिथे सवय झाली. व्हायचीच होती.

त्यांच्या पलीकडच्या धुऱ्याचा शेतकरी त्यांच्या नात्यातलाच होता. तो एकदा मला रस्त्यात अडवून म्हणाला, “मॅडम, तुमचा शेषराव माह्या वावरात नुसता बोंबलून राह्यला. रोही त्याच्याच खांबाले आंग घासून राह्यले.”

मी सांगितलं, “आवाजामागून माणूस आला पाहिजे. कधी कधी तरी.”

“दिवसा मी दुसऱ्याच्या कामाले जातो, राती जागल करू? मंग मशीन कायले पायजे? मीच बोंबलीन नं फुकटचा.”

तो चूक बोलत नव्हता. मी उगाच दुर्बिणीची काच पुसत उभी राहिले.

पुढच्या हरभऱ्याला त्याने मोटारपंपाची लाइन, म्हणजे वीज, धुऱ्यावरच्या कुंपणाच्या तारेत सोडली. बाजारात सौर झटका मशीन मिळतं, त्याचा झटका बसतो पण जीव जात नाही. थेट लाइनचा जातो. रानडुकरांसाठी संध्याकाळी सोडायची आणि उजाडायच्या आत काढायची, असं बरेच जण करतात. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गप्प असतात. त्या सकाळी ती काढायची राहिली. रोही शेषरावांच्या हरभऱ्यात शिरले होते. पेटी ओरडली आणि नेहमीप्रमाणे शेषराव पेटीच्या मागून उठले. कळपाने उडी मारून तार ओलांडली. शेषराव कळपामागे गेले.

मला फोन आला तेव्हा मी कॉलेजला निघाले होते, ती तशीच आसेगावला गेले. धुऱ्यावर माणसं जमली होती, पंचनामा चालला होता. पलीकडच्या धुऱ्याचा तो शेतकरी जमिनीवर बसला होता आणि डोकं हलवत होता. तेवढ्यात वावरातून हाक आली, “हाऽऽड! थांब बे, आलोऽऽ!” लिहिणाऱ्या पोलिसाने मान वर करून विचारलं, “कोन ओरडून राह्यलं तिकडे?”  मी खांबाकडे धावले. बटण सापडेना. कांताबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “बंद नका करू.”

मी बंद केलं नाही.

मला कुणी दोष दिला नाही. शेजाऱ्यावर गुन्हा दाखल झाला, तो तुरुंगात गेला, त्याची बायको माहेरी गेली, आणि दोन्ही वावरांत रोही होते तसेच. ज्या माणसाला माझ्या सगळ्या प्रयोगांत एकट्याला उपाय सापडला होता, तो त्या उपायापायीच गेला. खोटं ओरडला असता, इतरांसारखा खाटेवर पडून राहिला असता, तर आज असता. ह्या विचाराचं मी काय करू, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेले. कांताबाई वावरातच होत्या. घरात करमत नाही म्हणाल्या. पेटी वाजत होती. दूरवर कळप होता आणि प्रत्येक हाकेला तो मागे सरत होता. कांताबाई तिकडे बघत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “मॅडम, हे कधीलोक भेतीन त्याले?”

खोटं सांगता आलं असतं. पण हा एकच प्रश्न होता ज्याचं उत्तर मला जिल्ह्यात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. म्हणाले, “फार दिवस नाही. आवाजामागून कुणी येत नाही हे त्यांच्या लक्षात येईल.”

“लक्षात आलं म्हणजे त्याहीलेबी कयन का तो नाई.”

सरांनी लाल पेनाने काट मारली असती. मी मारली नाही. “हो,” म्हणाले.

 मग म्हणाल्या, “अन् कोनी गेलं त आवाजाच्या मांगून?”

“तर भीत राहतील.”

“कोनीबी?”

“कुणीही. दगड तेवढा यायला हवा.”

दुसऱ्या दिवसापासून कांताबाईंनी गोफण हातात घेतली. सुरुवातीला दगड मागे जात, एकदा त्यांच्याच कपाळाला लागला. मग जमायला लागलं. पेटीतून शेषराव म्हणत ‘आलो’, आणि कांताबाई साडीचा काष्टा घालून उठत. प्रत्येक वेळी नाही, पण रोह्यांना अंदाज येणार नाही इतक्या वेळा. मुलगा पुण्याला कंपनीत होता, तो फोनवर रडला की आई, बाबांचा आवाज बंद कर. गावात कुणी म्हणालं, मेलेल्या माणसाला असं अडकवून ठेवू नये. मजुरीच्या बायका यायला कचरायच्या, जाऊबाई रखमा तेवढ्या येत. सरपंचांनी मला गाठलं आणि मशीन काढून न्या म्हणून विनवलं. मी फटकळपणे सांगितलं, आमच्या घरात बाबासाहेबांनी आत्मा वगैरे केव्हाच काढून टाकला आहे, वावर कांताबाईंचं आहे, त्यांना विचारा. त्यांना विचारायची हिंमत कुणाची झाली नाही.

आणि भीती टिकली. हरभरा घरात आला, पुढचं सोयाबीन आलं, आणि रोही त्या आवाजाला पहिल्या दिवसासारखे भीत राहिले. मी निवृत्त झाले होते तरी जाऊन बघत असे. माझ्या आलेखावरच्या बाकी सगळ्या रेघा उतरत जाऊन जमिनीला टेकलेल्या, आणि ही एक रेघ वरच्या वर सरळ. सहकारी म्हणाले, यावर लिहा. मी काय लिहिणार होते? ह्या वावरात रोज एक बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याचा शब्द खरा करायला उठते, म्हणून? मी लिहिलं नाही. पण ती रेघ बघून मला बरं वाटत असे, हे नाकारत नाही. निदान एका ठिकाणी तरी काहीतरी टिकतं आहे असं वाटे.

मग गेल्या वर्षी, सोयाबीन निघाल्यावर, कांताबाई माझ्या वाशीमच्या घरी आल्या. हातात पिशवी. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली पेटी. मी पाणी दिलं.

“बिघडली का?”

“नाई. चांगली हाये.”

“मग रोही भ्यायचे थांबले?”

“कायचे थांबतात? परवादिशीच कसे पयाले. आवाज झाला का शेपट्या वर.”

“मग काढून का आणली, कांताताई?”

त्या पेटीवरचा टॉवेल सरळ करत बसल्या.

“परवा आमी दोघीजनी काड्या येचत होतो, मी अन् रखमा,” त्या म्हणाल्या. “दिवस बुडता बुडता रखमा म्हणे, आज भाऊजीचा आवाज लय मोठा यून राह्यला. मी म्हटलं, कवा? तं म्हणे, बाई, सकायपासून वाजून राह्यला, आत्ताच त तू उठून दगड मारून आली.” त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. “मी उठली होती, मॅडम. हात-पाय आपोआप उठले. पन मले आवाज आला नाई. दिवसभर तो बोलला अन् मले एकडावबी ऐकू आला नाई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमी ज्याले सवय म्हणता, ते हेच नं?”

मी हो म्हणाले. जन्मभर हेच शिकवलं, नाही कसं म्हणणार? त्यांच्या मोबाइलवर आवाज घालून देते, अधूनमधून ऐकाल, असंही सुचवलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

“रोह्याईले अजून वाटते का तो येईन,” त्या म्हणाल्या. “मलेच नाई वाटत.”

मंगरुळपीरच्या गाडीची वेळ झाली होती. त्या उठल्या, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि गेल्या. त्या रब्बीत त्यांचा हरभरा रोह्यांनी ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत खाल्ला. कांताबाई वावरातच बसून होत्या, पण हाकलायला उठल्या नाहीत, असं रखमा सांगत होत्या.